बिग ब्रेक किट की नुसते पॅड आणि ब्रेक ऑइल?

‘ब्रेक कमी पडतायत’ या एका वाक्यात दोन वेगवेगळ्या तक्रारी असतात. एक म्हणजे पेडल दाबलं तरी गाडी हवी तशी धरत नाही. दुसरी म्हणजे आधी छान धरते आणि चार-पाच वेळा जोरात ब्रेक मारल्यावर सोडून देते. पहिली तक्रार जोराची, दुसरी उष्णतेची. बिग ब्रेक किट, म्हणजे मोठ्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या) आणि त्यांना दोन्हीकडून पॅडने आवळणारे मोठे कॅलिपर यांचा संच, हा मुख्यतः दुसऱ्या तक्रारीवरचा उपाय आहे, पण खपतो पहिलीच्या नावावर. म्हणून किटचा खर्च काढण्याआधी आपली तक्रार कुठली ते ठरवावं.

त्याची सोपी चाचणी आहे. रहदारी नसलेल्या, बंदिस्त कोरड्या जागेत ८० च्या वेगाला पेडल पूर्ण दाबायचं. एबीएसचे (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) धक्के पायाला जाणवले, तर कंपनीचे ब्रेक टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त ताकदवान आहेत. तिथून पुढे गाडी टायर थांबवतो. पुढे ३५५ मिलिमीटरची डिस्क बसवली तरी थंड ब्रेकवर त्या एका थांबण्याचं अंतर कमी होणार नाही. ते कमी करायचं असेल तर आधी चांगले टायर घ्या.

आता जोराचं गणित. चाकाला थांबवणारा पीळ (टॉर्क) तीन गोष्टींवर ठरतो: पॅड डिस्कला किती दाबाने आवळला जातो, पॅडचा घर्षणांक (घासताना तो किती पकडतो त्याचा आकडा) किती, आणि चाकाच्या मध्यापासून किती अंतरावर तो घासतो. डिस्क २९४ वरून ३२६ मिलिमीटरची केली, तर पॅड घासण्याची त्रिज्या १६ मिलिमीटरने, म्हणजे साधारण १३ टक्क्यांनी वाढते. उलट डिस्क तीच ठेवून ०.३८ घर्षणांकाच्या रस्त्यावरच्या पॅडऐवजी ०.४८ चा पॅड टाकला, तर जोर २६ टक्क्यांनी वाढतो. खर्च किटच्या तुलनेत किरकोळ. किट बसवून पहिल्या फेरीत ‘काय चावतात ब्रेक!’ असं वाटतं, त्यातलं बरंचसं श्रेय किटसोबत आलेल्या नव्या पॅडचं असतं.

पिस्टनच्या संख्येचाही असाच घोळ आहे. कंपनीच्या सरकत्या कॅलिपरमध्ये एकाच बाजूला पिस्टन असतो आणि कॅलिपर स्वतः सरकून पलीकडचा पॅड ओढून घेतो. चार पिस्टनच्या पक्क्या कॅलिपरमध्ये दोन इकडे, दोन तिकडे. आवळण्याचा जोर मोजताना एकाच बाजूचे पिस्टन धरायचे असतात. ५७ मिलिमीटरच्या एका पिस्टनचं क्षेत्रफळ साडेपंचवीस चौरस सेंटिमीटर. ३८ आणि ४२ च्या जोडीचं सव्वापंचवीस. म्हणजे पिस्टन एकाचे चार झाले तरी जोर तेवढाच. पक्क्या कॅलिपरचा खरा फायदा वेगळा आहे: तो कमी फाकतो, पॅड सारखा झिजतो, पेडल घट्ट लागतं. आणि एकूण क्षेत्रफळ कंपनीपेक्षा बरंच मोठं निवडलं, तर मास्टर सिलिंडरला (पेडलच्या दाबाने तेल ढकलणाऱ्या पंपाला) जास्त तेल ढकलावं लागतं आणि पेडल लांब जातं. विकणाऱ्याला पिस्टनचे व्यास विचारा. सांगता येत नसतील तर पुढे जाऊ नका.

उष्णतेच्या बाजूला मात्र मोठ्या डिस्कला तोड नाही. चालकासकट १३०० किलोची गाडी २०० वरून १०० वर आणायची, तर सुमारे १५०० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उतरते. त्यातली ७० टक्के पुढच्या दोन डिस्कवर धरली आणि ती सगळी लोखंडातच गेली असं मानलं, तर ७ किलोच्या डिस्कचं तापमान एका झटक्यात सुमारे १६० अंशांनी चढतं. १० किलोच्या डिस्कचं ११५ ने. ट्रॅकवर डिस्क थंड होण्याआधी पुढचं वळण येतं, आणि फेरीमागून फेरी हा फरक साचत जातो. शहरात ६० वरून थांबताना मात्र तीच ७ किलोची डिस्क जेमतेम २० अंशांनी तापते. तिथे मोठ्या डिस्कला कामच नसतं.

तापलेले ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात. पेडल दगडासारखं कडक आहे, पण गाडी धरत नाही: पॅड त्याच्या तापमानाच्या पट्ट्याबाहेर गेलाय. पेडल मऊ पडलं, खाली गेलं आणि दोन-तीनदा पंप केल्यावर वर आलं: ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेत. पहिल्यावर उपाय पॅड, दुसऱ्यावर तेल. नव्या पॅडमधल्या राळेतून पहिल्या कडक वापरात वायू निघतो, तेव्हाही पेडल कडकच राहतं, पण ते एकदाच. आणि ब्रेक अजिबात तापलेले नसताना, खडबडीत कडेवरून गेल्यावर पहिलंच पेडल लांब गेलं, तर हब बेअरिंगचा, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचा, खेळ तपासा. चाक हलतं, डिस्क पॅडना मागे ढकलते आणि पिस्टन आत जातात. पक्क्या कॅलिपरला हा त्रास जास्त, त्यामुळे बेअरिंग ढिलं असताना किट बसवलं की ब्रेक आधीपेक्षा वाईट वाटतात.

तेलाचे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा. डॉट ४ चा किमान उकळबिंदू नवं असताना २३० अंश, साधारण पावणेचार टक्के पाणी शोषल्यावर १५५. डॉट ५.१ चे आकडे २६० आणि १८०. रेसिंगची चांगली तेलं नवी असताना ३०० च्या वर जातात, पण हवेतलं पाणी तीही ओढतात. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत दोन वर्षं तेल न बदलणं म्हणजे महाग पॅडचे पैसे पाण्यात. ट्रॅकवर जात असाल तर दर हंगामाला पूर्ण बदल, आणि प्रत्येक ट्रॅक दिवसाआधी चारही कॅलिपरची हवा काढा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं. एबीएसच्या गाडीत ते ओतू नका आणि बाकीच्यांत मिसळू नका.

इथे घाटाबद्दल सांगायला हवं, कारण आपल्याकडे किटचा विषय बहुतेकदा घाटावरून निघतो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी हजार मीटरहून जास्त खाली येते. १३०० किलोला ही ऊर्जा वरच्यासारखे आठ मोठे ब्रेक मारण्याइतकी होते, फक्त ती बऱ्याच वेळात पसरलेली असते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर गाडी उतरवली तर त्यातला मोठा वाटा ब्रेकपर्यंत पोचतच नाही. घाटात पेडल खाली गेलं तर आधी तेलाचं वय आणि चालवण्याची सवय पाहा.

मग किट कधी घ्यायचं? पॅड योग्य, तेल ताजं, थंड करायला डिस्कपर्यंत हवा नेलेली, आणि तरीही ट्रॅकवर सलग वीस मिनिटं पूर्ण होत नाहीत, पॅड एका दिवसात संपतात, डिस्कला तडे जातात, तेव्हा. हे मोजताही येतं. डिस्कच्या कडेला तापमानाचे रंग लावतात: नेहमीच्या संचात हिरवा ४३० अंशांना पांढरा होतो, नारिंगी ५६० ला पिवळा, लाल ६१० ला पांढरा. तिन्ही रंग बदलले तर डिस्क खरंच अपुरी आहे. हिरवाही तसाच राहिला तर पैसे वाचले.

टोयोटा जीटी८६ आणि सुबारू बीआरझेड या जोडगोळीचं उदाहरण घ्या. भारतात कंपनीने त्या विकल्या नाहीत, पण बाहेर हौशी ट्रॅकवाल्यांच्या त्या लाडक्या आहेत. मूळ डिस्क पुढे २९४, मागे २९०. नंतरच्या परफॉर्मन्स पॅकमध्ये ब्रेम्बोचे कॅलिपर आले, पुढे चार पिस्टनचे आणि मागे दोन; डिस्क पुढे ३२६, मागे ३१६. कंपनीने मागचेही ब्रेक वाढवले, हे महत्त्वाचं. बाजारातली बरीच किटं फक्त पुढची असतात. पुढचा जोर २० टक्क्यांनी वाढवून मागे काहीच केलं नाही, तर पुढचे टायर लवकर पकड सोडतात, एबीएस आधी जागा होतो, मागचे टायर निम्म्या कामावर राहतात आणि थांबण्याचं अंतर वाढूही शकतं. फक्त पुढचं किट घ्यायचंच असेल, तर त्रिज्या वाढल्याच्या प्रमाणात पिस्टनचं क्षेत्रफळ कमी ठेवलेलं घ्या. चांगले बनवणारे गाडीगणिक हा हिशेब करतात. ‘कुठल्याही गाडीला बसतं’ असं किट त्याच कारणासाठी टाळा.

चाकात जागा आहे का, हे १७ की १८ इंची यावर संपत नाही. कॅलिपर बाहेरच्या बाजूला स्पोकला अडतो. बनवणारा कॅलिपरच्या आकाराचा कागदी नमुना देतो. तो मूळ मापात छापून पुठ्ठ्यावर चिकटवा आणि चाकाच्या आतून फिरवा. सगळीकडे निदान ३ मिलिमीटर मोकळे हवेत. रिमच्या आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं या हिशेबात हमखास विसरली जातात आणि पहिल्या फेरीत कॅलिपर ती खरवडून काढतो.

बसवताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की हवा काढायचं निपल खाली येतं, आत हवा अडकते आणि कितीही तेल काढलं तरी पेडल स्पंजासारखंच राहतं. निपल वरच हवं. वेगवेगळ्या व्यासाच्या पिस्टनमध्ये लहान पिस्टन डिस्क आत शिरते त्या बाजूला असतो. उलटा बसला तर पॅड तिरका झिजतो. आतल्या वळणदार पात्यांच्या डिस्कलाही डावी-उजवी असते. पक्क्या कॅलिपरला बहुधा आत आणि बाहेर अशी दोन निपलं असतात, दोन्हींतून हवा काढा. होजच्या (तेलाच्या लवचिक नळीच्या) जोडाला नवे वॉशर टाका, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून होज कुठे ताणत किंवा घासत नाही ना ते पाहा.

रोज रस्त्यावर चालणारी गाडी असेल तर पिस्टनवर धुळीचं रबरी सील असलेलाच कॅलिपर घ्या. शर्यतीच्या कॅलिपरना ते नसतं. आपल्या पावसाळ्यात चिखल आत जाऊन पिस्टन अडकायला वेळ लागत नाही. भोकं पाडलेली डिस्क दिसते झकास, पण ट्रॅकवर तडे भोकांपासूनच सुरू होतात. चरे पाडलेली घ्या. आणि साध्या कॅलिपरवर बसवायची ती लाल प्लास्टिकची झाकणं उष्णता अडवतात, बाकी काही करत नाहीत.

नवे पॅड-डिस्क एकमेकांना बसवायला १०० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा दमदार ब्रेक मारा, पूर्ण न थांबता. मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालवून थंड करा. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलात तर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि पुढे ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. गॅरेजवाला ‘डिस्क वाकली’ म्हणेल. डिस्क बदलण्याआधी ही प्रक्रिया पुन्हा एकदा करून बघा; थर पातळ असेल तर तो निघून जातो.