ध्वनिपेटीची जुळणी (घरगुती)

घरी बनवलेली स्पीकरची पेटी ऐकत आणि मोजत दुरुस्त करत नेणे आणि शेवटी तिला पॉलिश किंवा सनमायका लावून दिवाणखान्यात ठेवण्याजोगी करणे, या सगळ्या कामाला जुळणी म्हणतात. इंदूरमध्ये यासाठीचे सामान जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत आणि सियागंजात मिळते. उरलेले काम ओळखीतला सुतार आणि घरच्यांची सहनशक्ती यांवर चालते.

मराठी घरात ‘पेटी’ म्हटली की आधी हार्मोनियम डोळ्यांपुढे येते आणि घोटाळा नेमका तिथे होतो. हार्मोनियमची पेटी किंवा तंबोऱ्याचा भोपळा स्वरात आपली भर घालतो, त्यासाठीच तो असतो. स्पीकरच्या पेटीने मात्र स्वतःचे काही बोलायचे नसते. तिला एकच स्वर माफ आहे, तो तिच्या नळीचा, म्हणजे पेटीच्या भोकात बसवलेल्या उघड्या पाइपाचा. ‘लाकूड चांगले घुमते’ म्हणून पातळ सागवानी फळ्यांची पेटी करणारे हौशी लोक अजून भेटतात. ती पेटी वीणा म्हणून कदाचित बरी वाजली असती.

मुळात पेटी लागते ती स्पीकरच्या शंकूमागचा (हलणाऱ्या पडद्यामागचा) आवाज अडवायला. शंकू पुढे हवा दाबतो त्याच क्षणी मागे ती विरळ होते. दोन्ही लाटा एकमेकींना भेटल्या की खर्ज नाहीसा होतो. पूर्ण बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करण्याची कल्पना एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये बाजारात आणली. नळीच्या पेटीचे पेटंट त्याआधीचे, बेल प्रयोगशाळेतल्या अल्बर्ट थुरास यांचे, १९३२ चे. नळी केवढी हवी हे गणिताने सांगता येऊ लागले ते नेव्हिल थील (१९६१) आणि १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांच्या कामामुळे.

नळीची पेटी ही तोंडावर फुंकलेल्या बाटलीसारखी असते. नळीतली हवा म्हणजे वजन, पेटीतली हवा म्हणजे स्प्रिंग. ३० लिटरच्या पेटीला ७ सेंमी आतल्या व्यासाची, १४ सेंमी लांब नळी लावली तर तिचे अनुस्पंदन, म्हणजे ती आपसूक घुमते ती कंप्रता (सेकंदाला होणारी कंपने), ४५ हर्ट्झच्या आसपास येते. तीच नळी १९ सेंमी केली की ४० हर्ट्झ. दुकानात ‘७५ मिमी’ म्हणून मिळणाऱ्या पीव्हीसी पाइपाचा तो आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो, गणितात आतला घालायचा. नळी आधी लांब ठेवून मग थोडीथोडी कापत जावी, कारण कापलेला तुकडा परत जोडणे जिवावर येते.

नळी कुठे लागली आहे ते कळायला स्वयंपाकघरातली चमचाभर खसखस पुरते. पेटी उताणी ठेवून शंकूवर दाणे टाकायचे आणि मोबाइलमधल्या ध्वनिजनक ॲपने ७० हर्ट्झपासून हळूहळू खाली यायचे. दाणे नाचत असतात, मग एका जागी जवळजवळ थांबतात, आणखी खाली गेले की पुन्हा उसळतात. जिथे थांबले ती पेटीची कंप्रता. तिथे शंकू स्तब्ध असतो आणि सगळे काम नळी करते. हात धरून पाहिला तर नळीच्या तोंडाशी वारा लागतो. अधिक नेमके हवे असेल तर ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये १०० ओहमचा रोधक घालून स्पीकरच्या टोकांवरचा एसी व्होल्टेज वेगवेगळ्या कंप्रतांवर मल्टिमीटरने मोजून कागदावर मांडावा. आलेखात दोन डोंगर आणि मधे दरी दिसते. दरीचा तळ म्हणजे तोच आकडा. हवेतील ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो, त्यामुळे जानेवारीच्या थंडीत ४५ वर लावलेली नळी मे महिन्याच्या उकाड्यात साधारण ४७ वर जाते. त्याची काळजी करू नये, तंबोरा याहून जास्त उतरतो.

गळती मात्र माफ नसते. खर्जाचा सूर चालू ठेवून सांध्यांवरून पेटती उदबत्ती फिरवली की धुराची रेघ जिथे थरथरते तिथे फट आहे. स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टी, तारेच्या भोकाला एम-सील, आणि आतल्या कोपऱ्यांत फेविकॉलमध्ये कालवलेला लाकडाचा भुसा.

फळ्या कलिंगडासारख्या बोटाने वाजवून बघतात. ‘ढब’ असा लांबलेला आवाज आला तर आत आडवी पट्टी ठोकावी, पण बरोबर मध्यावर नको. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून १२ मिमीऐवजी १८ मिमी घेतली की तो तिपटीहून जास्त होतो. आतली उंची ६० सेंमी असेल तर २८७ हर्ट्झच्या आसपास उभी लाट तयार होते आणि माणसाचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. हवेची हालचाल तेव्हा पेटीच्या मध्यावर सर्वांत जास्त असते, भिंतीपाशी जवळजवळ नसते. त्यामुळे भिंतींना पातळ फोम चिकटवून फारसे काही होत नाही. गादीचा पिंजलेला कापूस मधोमध सैल भरावा, नळीचे तोंड मोकळे ठेवून.

ट्विटरला, म्हणजे उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरला, ८ ओहमवर ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की तो सुमारे ४,२०० हर्ट्झच्या खालचे अडवू लागतो. स्पीकरचे धन-ऋण टोक दीड व्होल्टच्या सेलने तपासतात. सेलचे धन टोक स्पीकरच्या धनाला लावल्यावर शंकू बाहेर यायला हवा.

पॉलिशने आवाज सुधारतो हा सुतारांचा लाडका समज आहे. सुधारतो तो आधीच्या कामाने : समोरच्या कडा रंध्याने आणि पॉलिशपेपरने गोल केल्या की तिथून उलटणाऱ्या लाटा कमी होतात. बाकी पॉलिशचा उपयोग हवामानासाठी. माळव्यात मे महिना कोरडा आणि जुलै ओला, त्यात एमडीएफच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दाबीव फळीच्या, उघड्या कडा पाणी पिऊन फुगतात. म्हणून कडांना पातळ केलेल्या फेविकॉलचे दोन हात आधी द्यावेत, आतूनसुद्धा. सनमायका एकाच बाजूला लावला तर फळी वाकते. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले फ्रेंच पॉलिश सुंदर दिसते, पण पावसाळ्यात त्यावर पांढरट झाक येते.

शेवटची जुळणी कानाने. गणपतीच्या मांडवातला धमाका घरच्या पेटीकडून मागू नये, मांडवाला जोर लागतो आणि खोलीला खरेपणा. काळी एकचा षड्ज १३८.६ हर्ट्झ, तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, ६९. इंदूरच्या अमीर खाँसाहेबांची संथ विलंबित लावून बघावी. मंद्रात उतरताना एखादाच स्वर फुगला तर पेटी किंवा खोली बोलते आहे. अशा वेळी करवत उचलण्याआधी पेटी कोपऱ्यातून वीतभर पुढे ओढावी, पुन्हा ऐकावे, आणखी वीतभर ओढावी. जागा ठरली की फरशीवर खडूने खूण करतात, कारण दिवाळीच्या साफसफाईत पेटी हलतेच.