विमानातून लांडग्यांची शिकार : अलास्कातल्या कोर्टकज्ज्यांची पार्श्वभूमी

बर्फावरचा लांडग्यांचा माग आकाशातून लगेच दिसतो आणि उघड्यावर कळपाला दडायला जागा नसते. अलास्कात विमानातून लांडगे टिपण्याची रीत पडली ती यामुळेच. अमेरिकी काँग्रेसने १९७१ साली ‘एअरबोर्न हंटिंग ॲक्ट’ करून अशा शिकारीवर बंदी घातली. विमानाने प्राण्यांना पिटाळणंही गुन्हा ठरलं. पण वन्यजीव, गुरंढोरं, पिकं यांच्या रक्षणासाठी परवाने देण्याची मुभा राज्यांना राहिली. ‘आम्ही शिकार करत नाही, मूस आणि कॅरिबू (लांडग्यांचं भक्ष्य असलेली मोठी हरणं) वाचवतो’ असं म्हणायला अलास्काला ही पळवाट पुरली.

शिकाऱ्यांनी आपली वेगळी वाट काढली. वरून कळप हेरायचा, स्की लावलेलं विमान गोठलेल्या तळ्यावर उतरवायचं आणि जमिनीवरून गोळ्या घालायच्या. १९९६ मध्ये अलास्काच्या मतदारांनी थेट मतदानाने कायदा करून यालाही चाप लावला : विमानातून उतरल्याच्या दिवशी लांडगा मारायचा नाही. अलास्काच्या राज्यघटनेनुसार लोकांनी केलेला असा कायदा विधिमंडळाला दोन वर्षं रद्द करता येत नाही, दुरुस्ती मात्र कधीही करता येते. २००० साली विधिमंडळाने बंदी सैल केली, त्याच वर्षी मतदारांनी तो बदल हाणून पाडला. तरीही २००३ मध्ये गव्हर्नर फ्रँक मर्कोव्स्की यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि खासगी वैमानिकांना परवाने मिळू लागले. लोकांनी दोनदा दिलेला कौल असा गुंडाळून ठेवणं अन्यायाचंच होतं.

मग प्राणिमित्र संघटना कोर्टात गेल्या. राज्याने स्वतःचेच नियम पाळले नाहीत, असा निकाल न्यायाधीश शेरॉन ग्लीसन यांनी जानेवारी २००६ मध्ये दिला. विमानातून लांडगे मारण्याची मोहीम थांबली, पण ‘बोर्ड ऑफ गेम’ या शिकारीचे नियम ठरवणाऱ्या राज्याच्या मंडळाने तातडीची बैठक घेऊन काही दिवसांतच नियम बदलून टाकले. पुढच्या वर्षी तेव्हाच्या गव्हर्नर सेरा पेलिन यांच्या सरकारने मारलेल्या लांडग्याचा पुढचा डावा पाय आणून देणाऱ्याला १५० डॉलर देऊ केले. हे सरळसरळ इनाम होतं आणि तसं इनाम लावायचा अधिकार राज्याच्या वन्यजीव खात्याला नव्हता. कोर्टाने मार्चअखेर ते बंद पाडलं.

केंद्रीय कायद्यातली पळवाट बुजवण्यासाठी काँग्रेस सदस्य जॉर्ज मिलर यांनी २००७ मध्ये आणलेलं विधेयक मंजूरच झालं नाही. २००८ च्या मतदानात अलास्काच्या मतदारांनीही बंदीचा प्रस्ताव फेटाळला. २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, वन्यजीवांचा साठा टिकवून वापरण्याचं घटनेतलं बंधन लांडग्यांनाही लागू आहे, हे मान्य केलं. मात्र लांडगे कमी करण्याच्या योजना त्याच निकालात कायम राहिल्या.