जुनी गाडी देऊन नवी घेताना लागणारा कर

जुनी मोटार विक्रेत्याला द्यायची, तिची ठरलेली किंमत नव्या मोटारीच्या किमतीतून वळती करायची आणि उरलेली रक्कम भरायची, या व्यवहाराला भारतात ‘एक्स्चेंज’ म्हणतात. ग्राहकाच्या खिशातून फरकाचीच रक्कम जाते, पण वस्तू व सेवा कर (जीएसटी) नव्या गाडीच्या पूर्ण किमतीवर बसतो.

१ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या जीएसटी कायद्यात वस्तूंची अदलाबदलही ‘पुरवठा’ ठरते. मोबदला सगळा पैशांत नसेल तेव्हा खुल्या बाजारातील मूल्य धरावे, असे नियम २७ सांगतो. त्यातच उदाहरण दिले आहे: जुना फोन घेऊन नवा फोन २०,००० रुपयांना दिला आणि एक्स्चेंजशिवाय त्याची किंमत २४,००० रुपये असेल, तर करासाठी २४,००० रुपयेच धरायचे. गाडीलाही हाच न्याय लागतो.

समजा, नव्या छोट्या गाडीची करपूर्व किंमत ८,००,००० रुपये आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवर (लांबी ४ मीटरपर्यंत, इंजिन १२०० सीसीपर्यंत) १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे कर १,४४,००० रुपये. जुन्या गाडीचे ३,००,००० रुपये ठरले, तरी कराचा आकडा हलत नाही. ग्राहक ६,४४,००० रुपये देतो. आरटीओ आणि विम्याचा खर्च वेगळा.

मग जुन्या गाडीवर एकदा भरलेल्या कराचे काय? त्याची दखल पुढच्या टप्प्यावर घेतली जाते. ती गाडी विक्रेत्याने ३,४०,००० रुपयांना विकली, तर कर पूर्ण किमतीवर नव्हे, खरेदी-विक्रीतील ४०,००० रुपयांच्या फरकावर लागतो: १८ टक्क्यांनी ७,२०० रुपये. मात्र विक्रेत्याने त्या गाडीवर इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीत भरलेल्या कराची आपल्या करातून वजावट) घेतलेले नसावे. फरक उणे असेल तर कर शून्य. पूर्वी लहान गाड्यांना १२ टक्के दर होता. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५५व्या बैठकीनंतर सरसकट १८ टक्के झाला.

अमेरिकेत कर राज्यागणिक बदलतो, आणि बहुतेक राज्यांची रीत याच्या नेमकी उलट आहे. टेक्सास किंवा न्यू जर्सीत विक्रेत्याकडे जुनी गाडी दिली, की तिची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच विक्रीकर लागतो. जुन्या गाडीच्या पुढच्या गिऱ्हाइकाला मात्र पूर्ण किमतीवर कर भरावा लागतो. वरच्याच आकड्यांना १८ टक्के दर धरून ही रीत लावली, तर आधी ९०,००० आणि नंतर ६१,२०० रुपये, एकूण १,५१,२०० रुपये होतात. भारतीय रीतीची बेरीजही तितकीच येते. सवलत दोन्हीकडे आहे. अमेरिकेत ती नवी गाडी घेणाऱ्याला मिळते, भारतात जुनी गाडी घेणाऱ्याच्या वाट्याला येते. भारतात जुनी गाडी ही अनेक कुटुंबांची पहिली गाडी असते, हे लक्षात घेता भारतीय रीत अधिक न्याय्य वाटते. खरा दुहेरी कर कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनियात दिसतो. तिथे नव्या गाडीच्या करातून काही वजा होत नाही आणि जुन्या गाडीच्या पुनर्विक्रीवरही पूर्ण कर लागतो. न्यू जर्सीहून व्हर्जिनियाला गेलेल्या मराठी कुटुंबाला हा फरक पहिल्याच गाडीबदलात जाणवेल.

यातून ग्राहकासाठी एक महत्त्वाची गोष्ट निघते. टेक्सासमध्ये गाडी बाहेर परस्पर विकली, तर वजावट हातची जाते, म्हणून तिथे खाजगी गिऱ्हाइकाकडून बरीच जास्त किंमत मिळाली तरच तसे करणे परवडते. भारतात तसा प्रश्नच नाही. स्वतःच्या वापराची गाडी विकणाऱ्या, जीएसटी नोंदणी नसलेल्या व्यक्तीला त्या विक्रीवर जीएसटी नाही, मग गाडी शोरूमला द्या की ओळखीतल्या माणसाला. (२०२४ च्या निर्णयानंतर, तोट्यात गाडी विकणाऱ्या सामान्य माणसालाही कर लागणार अशी अफवा पसरली होती, ती चुकीची होती.) तेव्हा तुलना फक्त मिळणाऱ्या किमतीची करावी. नोंदणीकृत व्यावसायिकाने गाडीवर प्राप्तिकरात घसारा (वापरामुळे घटलेल्या मूल्याची वजावट) घेतला असेल, तर विक्रीची किंमत घसारा वजा मूल्यापेक्षा जितकी जास्त, तितक्यावर त्याला कर लागतो.

घासाघीस करताना सूट आणि जुन्या गाडीची किंमत वेगळी लिहून घ्यावी. नव्या गाडीच्या बिलातच दाखवलेली निव्वळ सूट करपात्र मूल्य कमी करते; जुन्या गाडीची वाढवून दिलेली किंमत करत नाही. महाराष्ट्रात आरटीओचा एकरकमी कर नव्या गाडीच्या किमतीवर टक्केवारीने लागतो, आणि एक्स्चेंजमुळे तोही घटत नाही. गाडी अधिकृत केंद्रात भंगारात काढून ठेव प्रमाणपत्र (गाडी भंगारात दिल्याचा दाखला) घेतले, तर नव्या खाजगी गाडीच्या मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्रीय नियमांत आहे. प्रत्यक्ष दर राज्य ठरवते.