‘पॉश’ शब्द बोटीच्या तिकिटावरून आलेला नाही

विलायतेहून मुंबईला येताना बोटीची डावी आणि परतताना उजवी, म्हणजे उन्हापासून वाचलेली खोली मिळावी म्हणून श्रीमंतांच्या तिकिटांवर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरे छापत व त्यांतून ‘पॉश’ शब्द झाला, ही कथा रंजक असली तरी निराधार आहे. या मार्गावर बोटी चालवणाऱ्या पी अँड ओ कंपनीचे तसे एकही तिकीट सापडलेले नाही. शिवाय कथा छापील स्वरूपात दिसते ती १९३०च्या दशकात, तर ‘पॉश’ हा शब्द त्याआधीच रूढ होता. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी बोलीत त्याचा अर्थ अर्धा पेनी (रोमानी, म्हणजे जिप्सी लोकांच्या भाषेत ‘पॉश’ म्हणजे अर्धा), पैसा आणि छानछोकी करणारा माणूस असाही होई. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३च्या भारतीय कायद्याचे ‘पॉश’ हे रूढ नाव मात्र खरोखर (‘प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हरॅसमेंट’च्या) आद्याक्षरांचे आहे.