लिंकन

लिंकन : पूर्व इंग्लंडमधील एक कॅथीड्रलनगर, त्यावरून रूढ झालेले आडनाव आणि या दोहोंमुळे इतर देशांतही पसरलेले स्थलनाम.

व्युत्पत्ती : नावाचे पूर्वपद प्राचीन ब्रिटनच्या केल्टिक भाषेतील असून त्याचा अर्थ तळे किंवा डोह असा होतो. ग्रीक भूगोलज्ञ टॉलेमीने इ. स. दुसऱ्या शतकात ‘लिंदोन’ असा उल्लेख केला आहे. विदम नदीचे पात्र जेथे रुंदावते तो ब्रेफर्डचा डोह यातून सूचित होत असावा. उत्तरपद लॅटिन ‘कोलोनिया’, म्हणजे निवृत्त सैनिकांची वसाहत. जर्मनीतील कलोनचे नावही त्यातूनच आले. रोमन लष्करी तळ पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात उभा राहिला. त्याला वसाहतीचा दर्जा बहुधा सम्राट डोमिशनच्या काळात (८१–९६) मिळाला. आठव्या शतकात बीड या इंग्लिश धर्मोपासक इतिहासकाराच्या लेखनात दोन्ही पदे जोडलेली आढळतात.

आडनाव : अब्राहम लिंकन (१८०९–६५) यांचे पूर्वज सॅम्युएल लिंकन १६३७ मध्ये मॅसॅचूसेट्सला गेले, पण ते नॉरफकमधील हिंगमचे होते. त्यामुळे लिंकन नगराशी या घराण्याचा संबंध फार जुना, कदाचित नावापुरताच असावा. महाराष्ट्रात शाळाशाळांतून लावलेले ‘हेडमास्तरांस पत्र’ अब्राहम लिंकन यांचेच आहे, याला पुरावा नाही.

स्थलनामे : अमेरिकेतील प्रत्येक लिंकन अब्राहम यांच्या नावाचे समजणे चुकीचे ठरते. केंटकीतील लिंकन काउंटी स्वातंत्र्ययुद्धातील सेनानी बेंजामिन लिंकन यांच्या नावाची आहे, तर मेन राज्यातील लिंकन काउंटीचे नाव (१७६०) मूळ इंग्लिश नगरावरून आले. इलिनॉयमधील लिंकन (१८५३) मात्र अब्राहम यांचेच, तेही ते वकिली करीत असताना दिलेले. नेब्रास्काच्या राजधानीचे ‘लँकेस्टर’ हे नाव बदलून १८६७ मध्ये ‘लिंकन’ करण्यात आले. दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट लिंकनला इंग्लिश समन्वेषक मॅथ्यू फ्लिंडर्सने १८०२ मध्ये आपल्या जन्मपरगण्याचे, लिंकनशरचे, नाव दिले. न्यूझीलंडमध्येही एक लिंकन आहे.

लंडनचे ‘लिंकन्स इन’ : या वकीलसंस्थेच्या नावाचे श्रेय परंपरेने लिंकनचे तिसरे अर्ल (एक सरदारकी पदवी) हेन्री द लेसी (मृत्यू १३११) यांना दिले जाते. चौदाव्या शतकातील थॉमस द लिंकन या विधिज्ञाच्या मालमत्तेवरून ते पडले असावे, असे दुसरे मत असून अलीकडचे अभ्यासक त्याकडे झुकतात. संस्थेच्या उपलब्ध नोंदी १४२२ पासूनच्या आहेत. मुंबईत वकिली केलेले महंमद अली जिना येथूनच बॅरिस्टर झाले.