द्विमितीय चुंबकीय पदार्थ

द्विमितीय चुंबकीय पदार्थ : एका किंवा मोजक्या अणुथरांइतके पातळ केले तरी ज्यांचा चुंबकीय क्रम (अणूंच्या सूक्ष्म चुंबकांची सुसूत्र मांडणी) टिकून राहतो असे स्तरित स्फटिक. त्यांच्या थरांतील अणू पक्क्या बंधांनी जोडलेले असतात, परंतु थर एकमेकांना केवळ दुर्बल व्हॅन डर वाल्स बलांनी धरून असल्याने सुटे करता येतात. इलेक्ट्रॉनाच्या विद्युत् भाराबरोबर त्याच्या स्पिनचाही (ज्यामुळे तो सूक्ष्म चुंबकासारखा वागतो त्या अंगभूत गुणधर्माचाही) उपयोग करणाऱ्या स्पिनट्रॉनिक्समध्ये त्यांना महत्त्व आहे.

असा क्रम मुळात शक्य आहे काय, हा प्रश्न जुना आहे. भौतिकीविज्ञ ऑनसागर यांनी १९४४ मध्ये द्विमितीय आयसिंग प्रतिमानाचे, म्हणजे चुंबकाच्या एका सोप्या गणिती प्रतिकृतीचे, अचूक उत्तर काढले. त्यात स्पिनला वर व खाली या दोनच दिशा असतात आणि निरपेक्ष शून्याच्या वर ठरावीक तापमानापर्यंत क्रम टिकतो. उलट स्पिन कोणत्याही दिशेला सारख्याच सहजतेने वळत असतील, तर निरपेक्ष शून्याच्या वर कोणत्याही तापमानाला दीर्घ पल्ल्याचा क्रम राहू शकत नाही, असे मर्मिन व वॅग्नर यांनी १९६६ मध्ये सिद्ध केले. हा सिद्धांत अनंत विस्ताराच्या आणि अल्पपल्ल्याच्या परस्परक्रिया असलेल्या जालकाला (अणूंच्या नियमित मांडणीला) लागू पडतो, ही अट पुष्कळदा विसरली जाते. वास्तव पदार्थात चुंबकनाला एखादी दिशा सोयीची असते. ही असमदिकता (दिशेनुसार गुणधर्म बदलणे) अल्प असली तरी क्रम टिकवण्यास पुरेशी ठरते.

पहिला द्विमितीय चुंबक कोणता, याविषयी एकवाक्यता नाही. टंगस्टनवर वाढवलेल्या लोखंडाच्या एकथरी पटलांतील लोहचुंबकत्व (सर्व स्पिन एकाच दिशेला असणे) विसाव्या शतकातच अभ्यासले गेले होते, पण तेथे आधारपृष्ठाचा प्रभाव वगळता येत नाही. लोह-फॉस्फरस-गंधक संयुगाच्या एका थरातील प्रतिलोहचुंबकीय क्रमाचा (ज्यात स्पिन परस्परविरुद्ध असल्याने निव्वळ चुंबकन शून्य असते) पुरावा २०१६ मध्ये रामन वर्णपटावरून, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटावरून, मिळाला. क्रोमियम ट्रायआयोडाइडचा एक थर आणि क्रोमियम-जर्मेनियम-टेल्यूरियम संयुगाचे दोन थर यांतील लोहचुंबकत्व २०१७ मध्ये केर परिणामाने, म्हणजे परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवणाचे प्रतल किती वळते ते मोजून, दाखवण्यात आले. निव्वळ चुंबकनाचे थेट मापन हा निकष धरल्यास २०१७ हेच वर्ष स्वीकारणे अधिक युक्त दिसते.

क्रोमियम ट्रायआयोडाइडचे क्यूरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर लोहचुंबकत्व नाहीसे होते ते तापमान, जाड स्फटिकात ६१ केल्विन, तर एका थरात सुमारे ४५ केल्विन असते. त्यातील असमदिकतेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. क्रोमियम आयनाचा कक्षीय आघूर्ण (इलेक्ट्रॉनांच्या कक्षीय गतीमुळे येणारे चुंबकत्व) जवळजवळ शमलेला असल्यामुळे तिचे श्रेय बहुतेक अभ्यासक जड आयोडीन अणूंतील स्पिन-कक्षा युग्मनाला (स्पिन व कक्षीय गती यांच्या परस्परसंबंधाला) देतात. हे युग्मन आयोडीनमार्फत होणाऱ्या विनिमय परस्परक्रियेलाच, म्हणजे शेजारच्या स्पिनांना जुळवणाऱ्या परस्परक्रियेलाच, दिशासापेक्ष बनवते. त्यात किताएव्ह प्रकारच्या, म्हणजे बंधाच्या दिशेनुसार बदलणाऱ्या, परस्परक्रियेचा वाटा किती, हे अनिर्णित आहे.

क्रोमियम ट्रायआयोडाइडच्या दोन थरांत वेगळेच चित्र दिसते. प्रत्येक थर लोहचुंबकीय असूनही दोघांची चुंबकने परस्परविरुद्ध असतात आणि सुमारे ०.६५ टेस्ला क्षेत्र लावल्यावरच ती एका दिशेला येतात. जाड स्फटिक मात्र लोहचुंबकीय असतो. ही विसंगती थरांच्या रचनेमुळे उद्भवते, असे मत आता सर्वसाधारणपणे मान्य आहे. थंड होताना जाड स्फटिकाचे थर किंचित सरकून नवी रचना घेतात, पातळ नमुन्यात ते सरकत नाहीत. २०१९ मध्ये केवळ दाब देऊन थरांमधील प्रतिलोहचुंबकीय जुळणी लोहचुंबकीय करता आली, हा या मताला सबळ आधार होय. ग्रॅफीनच्या (कार्बनच्या अतिपातळ) दोन पत्र्यांमध्ये या पदार्थाचे चार थर ठेवले असता नीच तापमानाला १९,००० टक्के चुंबकरोध (चुंबकीय क्षेत्रामुळे विद्युत् रोधात होणारा बदल) २०१८ मध्ये आढळला.

उपयोजनात तापमान ही मुख्य अडचण आहे. लोह-जर्मेनियम-टेल्यूरियम हे धातुरूप संयुग जाड स्वरूपात सुमारे २२० केल्विनपर्यंत लोहचुंबकीय राहते, आणि २०१८ मध्ये आयनी द्वाराद्वारे (आयनयुक्त माध्यमाच्या विद्युत् अग्रामार्फत) विद्युत् दाब देऊन त्याच्या पातळ थरांचे क्यूरी तापमान कक्ष तापमानापर्यंत नेण्यात आले. व्हॅनेडियम डायसेलेनाइडच्या एका थरात कक्ष तापमानालाच लोहचुंबकत्व असल्याचा त्याच वर्षीचा दावा मात्र सावधपणे घ्यावा लागतो, कारण क्ष-किरण मापनांत इतर गटांना चुंबकीय क्रम आढळला नाही.