मिरज जंक्शनवरून जर्मनीला: नर्सिंगच्या वाटेमागची माणसं

सांगली-मिरज रस्त्यावरच्या पाट्या हल्ली वाचण्यासारख्या झाल्या आहेत. 'नर्सिंगनंतर जर्मनी', 'बी-टूपर्यंत तयारी', 'प्रोमेट्रिकचे क्लास', 'ओईटी बॅच सुरू'. बी-टू ही जर्मन भाषेची पातळी, प्रोमेट्रिक ही आखातातल्या नोकरीसाठीची परीक्षा आणि ओईटी ही आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या, शेवटच्या वर्षातल्या मुली ड्यूटीवरून सुटल्या की ॲप्रनची घडी पिशवीत टाकतात आणि थेट भाषेच्या क्लासला जातात. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात नर्सिंगचं नाव आलं आणि पाट्या वाढल्या. नर्सिंग कॉलेजांच्या माहितीपत्रकांतही आता 'ग्लोबल हेल्थ' (जागतिक आरोग्य) हा शब्द हमखास सापडतो. शब्द नवा असला तरी मिरजेच्या या वाटेवर रहदारी सव्वाशे वर्षांपासून आहे. फक्त पूर्वी ती उलट्या दिशेने होती.

विल्यम जेम्स वॉनलेस हा कॅनडात जन्मलेला तरुण डॉक्टर न्यूयॉर्कमध्ये शिकून १८८९मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे या भागात आला. सोबत पत्नी मेरी होत्या. सुरुवात सांगलीतल्या छोट्या दवाखान्याने झाली. मिरजेत रुग्णालय उभं राहिलं ते १८९४मध्ये. त्यासाठी मोठी देणगी दिली जॉन कॉन्व्हर्स यांनी. फिलाडेल्फियातल्या बाल्डविन या रेल्वे इंजिनांच्या कारखान्याचे ते एक भागीदार. इंजिनं बनवून कमावलेला पैसा मिरजेत आला आणि पुढे तिथले रुग्णही रेल्वेनेच येऊ लागले, ही गंमत मला फार आवडते. मिरज जंक्शन नसतं, तर मिशन हॉस्पिटलचं नाव कर्नाटकात आणि कोकणात इतक्या लांबवर गेलं असतं का, याची मला शंकाच आहे. आजही मिरजेला 'वैद्यकीय पंढरी' म्हणतात, तेव्हा डॉक्टरांइतकंच श्रेय रुळांना द्यायला हवं.

१८९७मध्ये वॉनलेस यांनी मिशनचं वैद्यकीय प्रशिक्षण सुरू केलं. पुढे कुष्ठरुग्णांसाठी आणि क्षयरुग्णांसाठी वेगळ्या सोयी झाल्या. क्षयाच्या सॅनेटोरियमभोवती जी वस्ती वाढली, ती आजची वॉनलेसवाडी. मेरी यांच्या नावाचं रुग्णालय कोल्हापुरात आहे. १९२८मध्ये वॉनलेस यांना 'सर' किताब मिळाला आणि १९३३मध्ये अमेरिकेत त्यांचं निधन झालं. डॉक्टरांबद्दलची ही माहिती सहज मिळते.

नर्सची मिळत नाही. नेमकी इथेच गोष्ट खरी सुरू होते.

शस्त्रक्रिया तासाभराची असते, पण त्यानंतरचे दहा दिवस रात्री जागून ताप बघणं, जखमेची पट्टी बदलणं, बेडपॅन देणं आणि उचलणं हे सगळं कुणी करायचं, हा त्या काळातला खरा पेच होता. परक्याच्या अंगाला हात लावणं आणि मलमूत्र उचलणं ही कामं आपल्याकडे जातीनिहाय वाटून दिलेली होती. बाईने अनोळखी पुरुषाची शुश्रूषा करणं म्हणजे तर घराण्याला बट्टा. त्यामुळे देशभरातल्या मिशन रुग्णालयांत पहिल्यांदा कॅप घालून उभ्या राहिल्या त्या बहुतेक ख्रिस्ती झालेल्या घरांतल्या मुली, अनाथाश्रमात वाढलेल्या पोरी आणि विधवा. १८९६च्या प्लेगने आणि १८९९-१९००च्या दुष्काळाने अशा निराधार मुली थोड्याथोडक्या केल्या नव्हत्या. ज्यांना समाजात जागाच उरली नव्हती, त्यांना वॉर्डात जागा मिळाली. हे उपकार होते की गरज, यावर वाद घालता येईल. मला वाटतं दोन्ही.

याच मुलखातली एक बाई हा पेच बाहेरून सोडवायला निघाली होती. रमाबाई रानडे यांचा जन्म १८६२चा, गाव देवराष्ट्रे. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. (यशवंतराव चव्हाणांचा जन्मही याच गावातला. एका खेडेगावाने इतकं द्यावं!) १९०९मध्ये पुण्यात सेवासदन ही स्त्रियांसाठीची संस्था सुरू झाली आणि रमाबाईंनी ससून रुग्णालयात मुलींना नर्सिंग शिकायला पाठवण्याचा हट्ट धरला. मिशनच्या मुलींना मागे खेचणारं कुणी नव्हतं. इथे पाठवायच्या होत्या सनातनी घरांतल्या बालविधवा. सेवासदनच्या समारंभातला एक प्रसंग सांगतात. लाल आलवणातली, केशवपन केलेली एक शिकाऊ नर्स बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली आणि समोरच्या विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. रमाबाईंनी त्या शिकल्यासवरल्या पोरांना तिथेच खडसावलं. आज जर्मनीच्या व्हिसासाठी रांगेत उभ्या असलेल्या मुलीला ही गोष्ट कुणी सांगत नाही. सांगायला हवी, असं आपलं मला वाटतं.

बाकी संस्थात्मक इतिहास भराभर घडत गेला. १९०८मध्ये ट्रेंड नर्सेस असोसिएशन (प्रशिक्षित नर्सची संघटना) स्थापन झाली. १९४६मध्ये दिल्ली आणि वेल्लोर इथे नर्सिंगची पदवी सुरू झाली. १९४७मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा आला. मिरजेत १९६२मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उघडलं, तेव्हा विद्यार्थ्यांच्या शिकवणीसाठी वॉनलेस रुग्णालयाचे तयार वॉर्ड आणि तिथल्या सिस्टर उपयोगी पडल्या. नवशिक्या डॉक्टरला इंजेक्शन कसं द्यायचं, हे पुस्तकाआधी सिस्टरनेच शिकवलेलं असतं. हे डॉक्टर मंडळी खासगीत कबूल करतात.

'ग्लोबल हेल्थ' या शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. साम्राज्याच्या काळात त्याचं नाव 'ट्रॉपिकल मेडिसिन' होतं. काळजी होती ती मुख्यतः गोऱ्या सैनिकांची आणि व्यापाऱ्यांची. १९४८मध्ये जागतिक आरोग्य संघटना आली आणि 'आंतरराष्ट्रीय आरोग्य' हा शब्द रुळला. १९७८च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवेला मध्यभागी आणलं. त्याआधी आठ वर्षं जामखेडमध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने निरक्षर बायकांना गावाच्या आरोग्यसेविका करायला सुरुवात केली होती. परदेशी विद्यार्थी ते बघायला यायचे, अजूनही येतात. म्हणजे शिकवायला येणारे आता शिकायला येऊ लागले. वॉनलेसच्या काळापासूनचं दिशा उलटण्याचं हे पहिलं वळण.

दुसरं वळण कुणी ठरवून आणलं नाही. मार्च २०२०मध्ये सौदी अरेबियातून परतलेल्या एका कुटुंबातल्या चौघांना इस्लामपुरात करोना झाल्याचं निष्पन्न झालं आणि बघता बघता बाधितांचा आकडा पंचवीसच्या आसपास गेला. त्यांना मिरजेच्या शासकीय रुग्णालयात आणलं. पीपीई किट घालून आठ-आठ तास पाण्याचा घोटही न घेता त्या वॉर्डात वावरणाऱ्या होत्या स्टाफ नर्स आणि ब्रदर (पुरुष नर्स). जागतिक आरोग्य म्हणजे काय, हे त्यांना कुठल्या अभ्यासक्रमात शोधावं लागलं नाही. ते विमानाने आलं, एसटीच्या रस्त्याने इस्लामपूरला पोहोचलं आणि ॲम्ब्युलन्सने वॉर्डात आलं. ते सगळे रुग्ण बरे होऊन घरी गेले.

ते वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने आधीच 'नर्स आणि सुईणींचं वर्ष' म्हणून जाहीर केलं होतं. त्याच वर्षीच्या तिच्या अहवालात जगभरात ५९ लाख नर्स कमी असल्याचा हिशेब होता. युरोपला आपल्या मुली हव्यात त्या यामुळे. श्रीमंत देशांनी गरीब देशांच्या नर्स ओढून नेऊ नयेत, म्हणून संघटनेची २०१०ची आचारसंहिता आहे. ती बंधनकारक नाही. त्यामुळे एजंटाची फी किती, भाषेचा खर्च कुणाचा, करार मोडला तर दंड किती, हे शेवटी सही करणाऱ्या मुलीच्या आणि तिच्या वडिलांच्या डोक्यावर येतं. तासगाव-जतकडचे पालक हल्ली कॉलेजात येतात ते हे प्रश्न घेऊन. त्यांना उत्तरं द्यायला बसलेली असते ती बहुधा कॉलेजातली एखादी ज्येष्ठ ट्यूटर. तिच्या बॅचच्या दोघीतिघी आखातात असतात. ती फोन लावते, स्पीकरवर टाकते आणि म्हणते, "काका, तुम्हीच विचारा तिला."